सेवेआधी विनय

१९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावयाचे असतात. अहमदपूरच्या विद्यार्थ्यांनी त्यांतील काही तास वृद्ध आजींच्या जात्यावरच्या ओव्या शिकण्यात व लिहून घेण्यात वेचावेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. पिठाची गिरणी आली, जाते थांबले. ओवी वृद्धांच्या कंठीच उरली.

तत्त्वार्थसूत्रातील अंतरंग तपांत आधी विनय येतो, मग वैयावृत्त्य. वृद्धांना वेळेवर औषध देणे ही सेवा. त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसणे हा विनय. या चातुर्मासात आपल्या घरच्या नातवंडांनीही वही घेऊन आजीजवळ बसावे. दुकानाची चोपडी दिवाळीला बदलते. ही वही पिढ्यान्‌पिढ्या चालावी.