परीक्षा, भय आणि तेहेतीस भाव

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत साहित्यविचाराच्या पेपरला मी पर्यवेक्षक होतो. अर्धा तास उलटला तरी एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका कोरीच होती. नजर एका जागी खिळलेली. मी जवळ जाऊन म्हणालो, "अगं, लिही ना, वेळ चालला आहे." तिने मान हलवली, लिहिले मात्र काहीच नाही. प्रश्नपत्रिकेत व्यभिचारी भावांवर टीप विचारलेली होती. 'जडता' या भावाची लक्षणे भरताने नाट्यशास्त्रात दिली आहेत : न बोलणे, उत्तर न देणे, एकटक पाहत राहणे. ती जडता माझ्यासमोर बाकावर बसली होती आणि तो भाव वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या मला ती ओळखता आली नाही.

परीक्षेच्या ताणावर उपाय म्हणून अलीकडे 'सामाजिक-भावनिक शिक्षण' हा शब्द वारंवार कानी पडतो. या विचाराला अमेरिकेत १९९४ साली संस्थात्मक रूप आले. स्वतःच्या भावना ओळखणे, त्यांना आवर घालणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाती जपणे आणि जबाबदारीने निर्णय घेणे अशी पाच कौशल्ये त्यात मानली जातात. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात मात्र ते अनेकदा परीक्षेच्या तोंडावर एखादे व्याख्यान होऊन येते. वक्ते सांगतात, 'ताण घेऊ नका'. मुले टाळ्या वाजवतात आणि ताण घेऊन घरी जातात.

माझे म्हणणे असे की, या शिक्षणाची पहिली पायरी साहित्याच्या वर्गात आधीपासूनच आहे. आपण तिचा पाठांतराचा मुद्दा करून टाकला आहे. विद्यार्थ्याला काय होते आहे असे विचारले, तर उत्तर एकच येते : 'टेन्शन आलंय'. याच विद्यार्थ्याला चिंता, शंका, त्रास, ग्लानी, विषाद, आवेग, व्रीडा ही नावे क्रमाने तोंडपाठ असतात. ग्लानी आलेल्याला झोप हवी असते, शंकेने ग्रासलेल्याला कुणाशी तरी बोलायला हवे असते, व्रीडेने मान खाली घातलेल्याला आधी अपमानाची भीती जायला हवी असते. अवहित्थ म्हणजे मनातला भाव लपवणे. 'अभ्यास झालाय, काही काळजी नाही' असे घरी हसून सांगणाऱ्या मुलाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही. सगळ्याला 'टेन्शन' म्हटले की उपायही एकच उरतो, तो म्हणजे उपदेश.

जाणकार वाचक येथे आक्षेप घेईल की हे भाव रंगभूमीचे आहेत. लौकिक भावना आणि काव्यातला भाव यांची गल्लत करू नये. आक्षेप रास्त आहे. परंतु भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या कल्पनेचे मोल मला इथेच वाटते. कथेतल्या पात्राचे भय वाचताना ते केवळ 'माझे' राहत नाही. त्याच्याकडे जरा दूर उभे राहून पाहता येते आणि ते इतरांनाही होते हे कळते. परीक्षेतल्या भयाचा मोठा भाग एकटेपणाचा असतो.

अर्थात, यातून गुण वाढतील असे आश्वासन कुणी देऊ नये. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या भीतीविषयी लिहिल्यास निकाल सुधारतो, असा रामिरेझ आणि बायलॉक यांचा २०११चा प्रयोग गाजला. ललित कथा वाचल्याने दुसऱ्याचे मन अधिक ओळखता येते, हा किड आणि कॅस्टानो यांचा २०१३चा निष्कर्ष तर आपल्या गोटात फारच आवडला. २०१८ साली अशा २१ गाजलेल्या प्रयोगांची फेरतपासणी झाली. त्यांपैकी १३ टिकले, आणि हे दोन्ही टिकले नाहीत. साहित्य हे औषध म्हणून विकायला निघालो तर आपली फजिती ठरलेली आहे. भावनेला नेमके नाव देता येणे हे गुणांसाठी नव्हे, तर स्वतःसाठी हवे असते, आणि ते आपल्या विषयाचेच काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका पेपरवर आयुष्य टांगणारी व्यवस्था तशीच ठेवून मुलांना भावना आवरायला शिकवणे म्हणजे दोष त्यांच्याच माथी मारणे नव्हे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या आकड्यापुढे 'भावनांचे व्यवस्थापन' हा शब्द थिटा वाटतो. व्यवस्था बदलायलाच हवी. पण त्या व्यवस्थेचा एक लहानसा तुकडा आपल्या हातात आहे. 'व्यभिचारी भाव : टीप लिहा' हा प्रश्न आपणच काढतो. कवितेच्या रसग्रहणाला ठरावीक मुद्द्यांचा साचा आपणच देतो आणि तो साचा उतरवणाऱ्याला पूर्ण गुणही आपणच देतो. अनुभव ओळखायला शिकवणारा विषय असा अनुभवाविना शिकवला गेला, तर तोही भीतीत भरच घालतो.

मी अलीकडे एवढेच करतो : आठवड्यातून एकदा दहा मिनिटे लिहायला देतो. ते तपासत नाही, मागत नाही, त्याला गुण नाहीत. तेहेतीस भावांची यादी फळ्यावर असते. ज्याला वाटेल त्याने वाचून दाखवावे. कुणाचे दुःख माझ्या आवाक्याबाहेरचे दिसले, तर समुपदेशकाचे नाव सांगतो. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही देतो. शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ होऊ नये, पण आंधळाही राहू नये.

ती विद्यार्थिनी त्या दिवशी कोरी उत्तरपत्रिका देऊन गेली. मी तिला शून्य गुण दिले. नियमाने ते बरोबरच होते. मात्र, त्या टिपेचे उत्तर त्या वर्गात सर्वांत खरे तिनेच दिले होते, हे मला फार उशिरा उमगले.