जावयाचा साप आणि उंदरांचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “लेक अमेरिकेत असते. तिला सातवा महिना लागलाय. पुढच्या महिन्यात मी बाळंतपणासाठी जाणार आहे. जावईबापूंनी एक साप पाळलाय, तो कसाबसा मनाने स्वीकारला. पण आता त्याला खायला घालायला त्यांनी पांढऱ्या उंदरांची जोडी आणली आहे. घरीच पैदास केली की विकत आणायला नकोत, असं म्हणतात. जावयाला बोलायचं कसं? आणि गप्प बसले नि बाळाला काही झालं तर?”

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. मात्र आधी सापाची भीती जरा बाजूला ठेवू या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे नाग, धामण, अजगर असे इथले साप घरात पाळता येत नाहीत, म्हणून आपल्याला हे ऐकूनच धस्स होतं. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम वेगळे. हवाई राज्यात साप पाळायला साफ बंदी, तर इतर बऱ्याच ठिकाणी मुभा आहे. तिथे घरोघरी दिसतो तो बहुधा ‘बॉल पायथन’. हा मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, तीन ते पाच फुटांचा आणि स्वभावाने गरीब. तेव्हा खरा प्रश्न सापाचा नाही, उंदरांचा आहे.

आता आपण बायका घरखर्चाचा करतो तसा हिशेब मांडू या. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते. एका वेताला सहा ते बारा पिल्लं होतात. नर जवळच राहिला, तर व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे महिन्याला एक वेत. वेताला दहा पिल्लं धरली, तरी सहा महिन्यांत साठ झाली! शिवाय नर-मादी पाचव्या आठवड्याच्या आत वेगळे केले नाहीत, तर पिल्लांचीही पिल्लं सुरू होतात. आणि खाणारा किती खातो? वाढलेल्या सापाला आठ-पंधरा दिवसांतून एक उंदीर पुरतो. सहा महिन्यांत फार तर पंचवीस. कधीकधी तर हा साप आठवडेच्या आठवडे तोंडही लावत नाही. मग उरलेल्यांचं करायचं काय? त्यांना रोज दाणापाणी, पिंजऱ्यातला कचरा काढणं, मुताचा उग्र वास आणि शेवटी आपल्या हातांनी मारणं. एका सापासाठी उंदरांचा संसार मांडणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला!

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लेकीची प्रकृती. उंदीरवर्गातल्या प्राण्यांकडून ‘एलसीएम’ नावाच्या विषाणूची बाधा होऊ शकते. घरात शिरणाऱ्या साध्या उंदरांत तो मुख्यतः आढळतो, पण पाळलेल्यांनाही त्यांच्यापासून लागू शकतो. आईला साध्या तापावर निभावतं, पण गर्भाला मात्र गंभीर इजा होऊ शकते. म्हणून गर्भवतीने पाळीव उंदरांपासूनही लांबच राहावं, असं तिथलं आरोग्यखातं सांगतं.

दुसरा धोका सालमोनेला या जंतूचा. तो उंदरांतही असतो आणि सापांतही, आणि प्राणी वरून अगदी ठणठणीत दिसतो. गोठवल्याने हा जंतू मरत नाही. २०१४ साली अमेरिकेत सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांवरूनच लोक आजारी पडले होते. पाच वर्षांखालच्या मुलांना याचा त्रास जास्त होतो. त्यामुळे इतकं लहान मूल असलेल्या घरात साप नसलेलाच बरा, असा तिथल्या डॉक्टरांचा सल्ला असतो.

म्हणून पुढील गोष्टी लेकीला फोनवर आजच सांगा :

– उंदरांची जोडी दुकानात परत करावी किंवा दुसऱ्या कुणाला द्यावी. ते होईपर्यंत नर आणि मादी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावेत.

– पिंजरा साफ करणं, सापाला खाऊ घालणं ही कामं जावईबापूंनीच करावीत. लेकीने त्या खोलीत थांबू नये. कोरडा केर काढू नये, त्याने धूळ उडते. जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्याने पुसावं.

– सापासाठी गोठवलेले उंदीर विकत मिळतात, तेच आणावेत. ते जेवणाच्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत, त्यासाठी वेगळा छोटा फ्रीजर घ्यावा. मायक्रोवेव्हमध्येही गरम करू नयेत.

– जिवंत उंदीर सापापुढे सोडून जाऊ नये. उंदीर उलटून सापालाच चावतो. ही गोष्ट जावईबापूंना पटकन पटेल.

– सापाची भांडी स्वयंपाकघरात किंवा बाळाच्या न्हाणीत धुऊ नयेत. सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये.

आता बोलायचं कसं? ताई, हा विषय तुम्ही थेट जावयापाशी काढू नका. तुम्ही “शी, घाणेरडं!” म्हणालात, तर ते सापाच्या बाजूने उभे राहतील आणि लेकीची मधल्यामध्ये ओढाताण होईल. पुढच्या तपासणीला दोघं जातील, तेव्हा “घरी साप आणि उंदीर आहेत, काय काळजी घेऊ?” एवढंच लेकीने डॉक्टरांना विचारावं. सासूचा शब्द टोचतो, डॉक्टरांचा ऐकला जातो. साप बाळ मोठं होईपर्यंत एखाद्या मित्राकडे ठेवायची गोष्टही तिथेच निघेल. आणि जावयाने उंदीर परत केले, तर मोकळ्या मनाने कौतुक करा. हौस सोडणं कुणालाच सोपं नसतं.

मात्र हे तुम्ही पोहोचेपर्यंत थांबवू नका. उंदरांचं वेत तीन आठवड्यांचं आहे, आणि तुम्हाला निघायला अजून महिना आहे.