बेण्याची पारख डोळ्यावरून करावी

उसाच्या लागणीची गोष्ट निघाली की जमीन, खत व पाणी यांची चर्चा पुष्कळ होते. बेण्याची मात्र फारशी होत नाही. तोडणीस आलेल्या फडातील कोणताही जाड ऊस बेण्यास चालतो, असा समज अद्याप अनेक ठिकाणी आढळतो. हा समज चुकीचा असून, उसाच्या खोडाची रचना ठाऊक नसल्यामुळेच तो टिकून आहे.

ऊस म्हणजे खोडच होय. पान जेथे खोडास जुळते तो सांधा म्हणजे पेरे व दोन पेऱ्यांमधील लांब भाग म्हणजे कांडे. प्रत्येक पेऱ्यावर सामान्यतः एक डोळा असतो व त्यालगत बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो. डोळ्यातून कोंब निघतो, ठिपक्यांतून मुळ्या फुटतात. कांड्यास डोळा नसतो. परंतु त्यातील पाणी व साखर यांवरच कोवळा कोंब प्रारंभी पोसला जातो. सारांश, पेरे हे बी आणि कांडे ही त्याची शिदोरी होय.

एवढे ध्यानी आले म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. काप पेऱ्यावर न घेता कांड्यावर, धारदार कोयत्याने घ्यावा. पिचलेल्या कांड्यात बुरशी सहज शिरते. पाचट हे डोळ्याचे चिलखत असल्यामुळे वाहतुकीत ते उसावरच राहू द्यावे व टिपऱ्या करताना हाताने हलकेच काढावे. बेणे 9 ते 11 महिन्यांचे घ्यावे. जून उसाच्या बुडख्याकडील डोळे निबर होऊन उशिरा फुटतात. पेऱ्यांवरील डोळे आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंस असतात. म्हणून दोन डोळ्यांची टिपरी सरीत मांडताना दोन्ही डोळे बाजूंस येतील असे पाहावे. एकही डोळा खाली दबू नये.

खोडव्याचे बेणे स्वस्त पडते, असे पुष्कळांचे म्हणणे असते. परंतु गवताळ वाढीसारखे रोग बेण्यातूनच नव्या शेतात येतात आणि लागणीत पडलेला नांगा न भरल्यास तो खोडव्यातही कायम राहतो. बेण्यात वाचविलेले पैसे अशा रीतीने दोन पिकांत गमवावे लागतात.

यास्तव गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लागणीपूर्वी शेतकऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष ऊस देऊन पेरे, कांडे व डोळा दाखवावा. जो शेतकरी डोळा पारखतो, त्याला बेणे निवडण्यासाठी दुसऱ्यावर विसंबावे लागत नाही.