आधी मैदान द्या, मग माप घ्या!

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या समाजाच्या कानाला नवा नाही. राखीव जागेवर मेडिकलला किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या बहुतेक मुलामुलींनी तो वसतिगृहाच्या मेसमध्ये, प्रयोगशाळेत आणि नोकरीच्या मुलाखतीत ऐकलेला आहे. हाच शब्द परवा आम्हाला थेट अमेरिकेतून ऐकू आला, आणि तोही हॉकीच्या मैदानावरून. म्हणून आज हा थोडा वेगळा विषय वाचकांपुढे ठेवत आहोत.

न्यू जर्सीत स्थायिक झालेले आमचे एक जुने कार्यकर्ते मित्र आहेत. नागपूरच्या वस्तीत वाढले, आरक्षणामुळे इंजिनिअर झाले, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत गेले आणि तिथेच राहिले. त्यांची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत नववीत हॉकी खेळू लागली. चांगली खेळली, एका कॉलेजच्या संघात निवडलीही गेली. पहिल्या वर्षाचा हंगाम नोव्हेंबरात संपला तेव्हा हिशेब निघाला तो असा : सामने सतरा, आणि पोरगी मैदानावर होती एकूण चौतीस मिनिटे. म्हणजे सामन्याला दोन मिनिटे! प्रशिक्षिकेने सांगितले, ‘तू अजून कॉलेजच्या दर्जाची नाहीस.’ मित्राने रात्री फोन करून आम्हाला विचारले, “साहेब, मी कॉलेजात होतो तेव्हा मला हेच म्हणाले होते. आता पोरीला म्हणतात. आमच्यात खरोखरच काही कमी आहे का हो?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही त्या खेळाची सगळी व्यवस्था समजून घेतली. तिथे त्या मुलीला कोणी जात विचारली नाही, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. उगाच नसलेला अन्याय दाखवणे हे चळवळीचे काम नाही. परंतु जात न विचारताही माणसाला मागे ठेवता येते, आणि मागे राहिल्याचा दोष त्याच्याच माथी मारता येतो. कसा, ते पाहू.

अमेरिकेत नुसते ‘हॉकी’ म्हटले तर लोक बर्फावरची हॉकी समजतात. आपली हॉकी तिथे ‘फील्ड हॉकी’ या नावाने ओळखली जाते आणि कॉलेजांच्या मान्यताप्राप्त स्पर्धांत ती फक्त मुलींची आहे. १९०१ साली कॉन्स्टन्स अॅपलबी या इंग्रज बाईंनी हार्वर्डमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून तो ईशान्येकडच्या श्रीमंत महिला महाविद्यालयांत पसरला. १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे त्या कायद्याने बजावले, आणि मुलींच्या खेळांना कॉलेजात हक्काची जागा मिळाली. ‘एनसीएए’ या कॉलेज क्रीडासंघटनेची मुलींची पहिली हॉकी स्पर्धा १९८१ मध्ये झाली. कायद्याशिवाय हक्क मिळत नाही, याचा हा आणखी एक पुरावा. पण टायटल नाइनने मुलींसाठी दार उघडले, तरी त्या दारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता कोणाच्या अंगणातून जातो, हे मात्र त्या कायद्याने पाहिले नाही.

रस्ता कसा आहे तो पाहा. कॉलेजचे प्रशिक्षक शाळेच्या मैदानावर फारसे येत नाहीत. ते येतात खासगी क्लबांच्या स्पर्धांना, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत भरणाऱ्या राष्ट्रीय हॉकी महोत्सवाला, आणि स्वतःच्या कॉलेजने उन्हाळ्यात भरवलेल्या शिबिरांना. क्लबला फी, शिबिराला फी, विमानाचे तिकीट वेगळे, हॉटेल वेगळे. २०१९ पासूनच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीच्या कॉलेजचे प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलीशी भरतीबाबत बोलू शकतात. नियम चांगला आहे, त्याआधी तर आठवी-नववीतल्या पोरींचे ‘ठरून’ जात होते. पण १५ जूनला फोन कोणाला येणार? ज्या मुलीचे नाव प्रशिक्षकाच्या वहीत आधीच आहे तिला. वहीत नाव यायचे तर आधी दिसले पाहिजे, आणि दिसायचे तर बापाच्या खिशात पैसे पाहिजेत. नववीत स्टिक हाती घेतलेली मुलगी दहावीच्या शेवटी जेमतेम दोन हंगाम खेळलेली असते. तिच्या शेजारी उभी असते ती सहा-सात वर्षे क्लबात तयार झालेली. दोघींकडे एकच प्रशिक्षक एकाच दुपारी पाहतो आणि वहीत लिहितो, ‘ही चांगली, ती कच्ची.’

यालाच ते लोक ‘मूल्यमापन’ म्हणतात! ती मुलगी त्या दिवशी कुठे उभी आहे, एवढेच हे माप सांगते. ती कुठून चालत आली आणि किती वेगाने चालते आहे, याची नोंद त्यात कुठेच नसते.

पुढे कॉलेजात गेल्यावर काय होते? हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. पहिल्या वर्षाची मुलगी ऑगस्टमध्येच घर सोडून येते, आणि दोन-तीन आठवड्यांत पहिला सामना असतो. नवे गाव, नवा अभ्यास, नव्या मैत्रिणी, नवी खेळाची पद्धत. शाळेत साध्या गवतावर किंवा फुटबॉलच्या मैदानावर खेळलेल्या मुलीला पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू दुप्पट वेगाने आल्यासारखा वाटतो. क्लबातल्या मुलीला त्या टर्फची सवय असते. त्यात भर म्हणजे अनेक मोठी कॉलेजे हॉलंड, जर्मनी, इंग्लंडमधून तयार खेळाडू आणतात. हे सारे नोव्हेंबरात संपते. म्हणजे ज्या तीन महिन्यांत पोरगी अजून वाट शोधत असते, त्याच तीन महिन्यांत तिचा निकाल लागलेला असतो.

मिनिटांचा हिशेबही वाचकांनी एकदा मांडून पाहावा. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे साठ मिनिटांचा. मैदानावर अकरा जणी. गोलरक्षक सोडली तर दहा जणींची मिळून सहाशे मिनिटे. संघात गोलरक्षक वगळता चोवीस मुली असतील, तर समान वाटणीत प्रत्येकीला पंचवीस मिनिटे येतील. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे नियमाची आडकाठी काहीच नाही. तरीही बचावफळीतल्या मुली बहुधा पूर्ण साठ मिनिटे मैदानावर असतात, कारण तिथली एक चूक म्हणजे गोल. आघाडीच्या मुली पळून दमतात म्हणून तिथे बदल जास्त. म्हणजे एकाच दर्जाच्या दोन नव्या मुलींपैकी आघाडीवर खेळणारीला पंधरा मिनिटे मिळतील आणि बचावात खेळणारीला दोन. वरच्या वर्गातली बचावपटू पदवी घेऊन गेली, तर दुसऱ्या वर्षी त्याच मुलीला एकदम साठ! मग मधल्या काळात तिची गुणवत्ता काय आकाशातून पडली?

आणि कागदावर काय उमटते? गोल, गोलला दिलेली साथ, गोलरक्षकाने अडवलेले फटके. जिने प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच तोडला, जिने योग्य जागी उभे राहून हल्लाच होऊ दिला नाही, तिच्या नावापुढे शून्य. ज्यांचे काम आकड्यात येत नाही, त्यांनी काम केलेच नाही असे समजणारी व्यवस्था आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

याला उत्तर म्हणून एरिन मॅटसनचे नाव पुढे केले जाते. २०१८ साली ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आली आणि पहिल्याच वर्षी सगळे सामने जिंकणाऱ्या संघाची ती आघाडीची खेळाडू ठरली. चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, २०२३ च्या जानेवारीत त्याच संघाची मुख्य प्रशिक्षिका झाली आणि त्याच वर्षी संघाला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. तिच्या कर्तृत्वाला आमचा मनापासून सलाम. पण लक्षात घ्या, कॉलेजचे पाऊल टाकण्याआधीच ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेली होती. पहिल्याच दिवशी तयार दिसणारी मुलगी कुठेतरी आधी तयार झालेली असते. ती जागा सर्वांना मिळते का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रशिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. संघ हरला तर त्यांची नोकरी जाते. दया म्हणून कोणाला मैदानात उतरवा, असे आम्ही म्हणत नाही आणि आपल्या पोरींनाही दया नको आहे. पूर्वी तिथे नव्या मुलांना पहिल्या वर्षी मुख्य संघात खेळूच देत नसत. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये एनसीएएने ही बंदी १९७२ साली उठवली. त्या बंदीत अन्यायही होता, पण निदान पहिले वर्ष शिकण्याचे आहे, ही समज होती. आज पहिल्या वर्षाला परीक्षेचे वर्ष करून टाकले आहे.

आता या कथेतला खरा मासला पुढे आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड खटल्यात निकाल दिला आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. कृष्णवर्णीय मुलामुलींना मिळणारा तो थोडासा आधार गेला. परंतु खेळाडू म्हणून मिळणारे झुकते माप, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, या निकालाने बंद झाले नाही. याच खटल्यातून बाहेर आलेल्या माहितीवर तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अभ्यास मांडला. हार्वर्डमध्ये भरती केलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा डीनच्या खास यादीतले होते. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्याही खाली! हॉकी, रोइंग, स्क्वॉश हे खेळ कोणत्या घरातली मुले खेळतात, हे काय सांगायला हवे? याला तिथे कोणी ‘आरक्षण’ म्हणत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेही हार्वर्डबरोबर त्याच ‘आयव्ही लीग’मध्ये हॉकी खेळते. आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, पण खेळामुळे प्रवेशाचे दार नक्कीच उघडते.

शब्दांचीही गंमत पाहा. आपल्या मराठीत बाकावर बसलेल्याला ‘राखीव खेळाडू’ म्हणतात. ज्याला संधी मिळाली नाही तो राखीव! आणि शिक्षणात ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांनंतर पहिल्यांदा संधी मिळाली, तोही राखीव! दोघांनाही टोमणा मात्र एकच, ‘तुझ्यात दम नाही.’

पुढचा काळ आणखी कठीण आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवर हॉकी संघात जास्तीत जास्त २७ खेळाडूंची मर्यादा आली आहे. शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरचे बंधन गेले, ही चांगली बाजू. पण उशिरा सुरुवात केलेली, शिकत शिकत पुढे येणारी मुलगी संघाच्या शेवटच्या जागांवर असते, आणि कात्री आधी तिथेच लागते.

म्हणून अमेरिकेतल्या आपल्या बांधवांना आमचे सांगणे आहे. कॉलेज निवडताना नावावर आणि गणवेशावर भुलू नका. सरळ विचारा : माझ्या मुलीच्या जागेवर आज किती जणी आहेत? त्यांतल्या किती पदवी घेऊन जाणार? गेल्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाच्या किती मुलींना मैदानावर उतरवले आणि किती जणी संघ सोडून गेल्या? नव्या मुलीला शिकवायला वेगळा वेळ देता का? ज्या प्रशिक्षकाकडे याची उत्तरे नाहीत, तो तुमच्या मुलीचे माप काय घेणार?

आणि इथल्या बांधवांनाही सांगायचे आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी संघ उपांत्य सामन्यात हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने केली आणि गुन्हा नोंदवला गेला. तीन गोलांनीही ज्यांच्या लेखी गुणवत्ता सिद्ध होत नाही, त्यांच्या प्रमाणपत्राची वाट आपण किती काळ पाहायची?

आमच्या मित्राला आम्ही उत्तर दिले ते असे : पोरीची चौतीस मिनिटे ही तिला मिळालेल्या संधीची नोंद आहे, तिच्या कुवतीची नाही. तिला सराव सोडू देऊ नका. ऑगस्टमध्ये ती पुन्हा त्याच मैदानावर उभी राहील. तुम्हीही पहिल्या सत्रात दोन विषयांत नापास झाला होता आणि तरीही इंजिनिअर झालात, हे तिला एकदा सांगा. वसतिगृहातल्या मेसमध्ये काय ऐकून घेतले होते, तेही सांगा. आपल्या माणसांनी आपल्या लेकरांपासून हे लपवू नये.