काळं तेल म्हणजे खराब तेल नव्हे

एडवणहून सकाळी सफाळ्याला लोकल गाठायची किंवा थेट बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर पोचायचं, तर दुचाकीला पर्याय नाही. म्हणूनच गॅरेजवाला ‘तेल काळं पडलंय, या वेळी फुल सिंथेटिक टाकू’ म्हणाला की नाही म्हणायचा धीर होत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीसाठी हा खर्च बहुतांशी वाया जातो, असं माझं मत आहे. काळेपणा हा तर पुरावाच नव्हे. तेलातली डिटर्जंट द्रव्यं काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतात म्हणून ते काळवंडतं. ते त्याचं कामच आहे. रोज ३० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० किलोमीटर होतात. दर २,०००ला तेल बदललं तर वर्षात चार वेळा, आणि पुस्तिकेत ६,००० लिहिलं असेल तर एकदाच, फार तर दोनदा.

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकानं १९९६ साली न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर चाचणी घेतली. टॅक्सी प्रत्येकी ६०,००० मैल पळवून इंजिनं खोलली, तर ब्रँड कुठलाही असो, तेल ३,००० मैलांना बदललेलं असो की ६,०००ला, झिजेत लक्षात यावा असा फरक दिसला नाही. सिंथेटिक तेल प्रयोगशाळेत सरस ठरतं हे खरंच. पण त्याचा कस लागतो तो टर्बो इंजिनात, अतिउष्णतेत किंवा गोठवणाऱ्या थंडीत, आणि आपल्या किनाऱ्यावर यातलं शेवटचं तरी कुणी पाहिलेलं नाही. उलट कारचं महागडं तेल दुचाकीत ओतलं तर क्लच घसरू शकतो, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. डब्यावर किंमत बघण्याआधी पुस्तिकेतला ग्रेड आणि ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही अक्षरं बघावीत.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे: टॅक्सीचं इंजिन दिवसभर गरम असतं, आपली गाडी घरातून बंदरावर जाते आणि थंड होते. बरोबर. अशा गाडीत पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जायला वेळच मिळत नाही; पावसाळ्यात तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ चिकटा दिसतो तो त्यामुळे. अशांनी किलोमीटर न मोजता महिने मोजावेत आणि पुस्तिकेतली मुदत चुकवू नये. पण तेव्हाही साधं, योग्य ग्रेडचं तेल पुरतं. (खारी हवा तेल नासवते हा समज तेवढा सोडून द्यावा. ती खाते चेन आणि सायलेन्सर.)

शिवाय वेळेआधी काढलेलं तेल जातं कुठे? कायद्यानं तो घातक कचरा आहे, तरी अजून ते पुष्कळदा गटारात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतलं जातं. खऱ्या दुर्लक्षामुळे इंजिन जातं ते तेल कमी झाल्यावर. या गाड्यांत तेल असतं जेमतेम लिटरभर, त्यातलं पावशेर कमी झालं तरी पुष्कळ. डबल स्टँडवर गाडी लावावी, काडी पुसावी, बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पुन्हा बाहेर काढावी. दोन खुणांच्या मध्ये ओल दिसली की झाकण लावून कामावर निघावं.