आम्लशामक गोळी, गॅस्ट्रिन आणि आपली घाई

सातारा-सांगली परिसरातील आपल्या चिकित्सालयांत अम्लपित्ताचा रुग्ण नवा नाही. नवी आहे ती त्याच्या खिशातील गोळी. ओमेप्राझोल वा पँटोप्राझोल वर्षानुवर्षे उपाशीपोटी घेतल्यावर तो आपल्याकडे येतो. आपण ती त्याच दिवशी बंद करवितो व सूतशेखर, अविपत्तिकर चूर्ण योजतो. काही दिवसांत जळजळ पूर्वीपेक्षा वाढते आणि ‘आयुर्वेदाचा गुण आला नाही’ असे म्हणत रुग्ण परततो. आमच्या मते येथे पुष्कळदा दोष औषधाचा नसून घाईचा असतो.

जठराच्या अधोभागातील पेशी गॅस्ट्रिन हे संप्रेरक स्रवतात. १९०५ साली एडकिन्स यांनी त्याचे अस्तित्व मांडले. १९६४ मध्ये ग्रेगरी व ट्रेसी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे कार्य दुहेरी आहे. ते आम्लस्राव वाढविते, तसेच श्लेष्मकलेतील पेशींच्या, विशेषतः हिस्टामिन स्रवणाऱ्या पेशींच्या, वाढीस चालना देते. आम्ल पुरेसे झाले की सोमॅटोस्टॅटिन गॅस्ट्रिनला आवर घालते. गोळीने आम्ल दीर्घकाळ दबले की हा आवर सैल होतो, गॅस्ट्रिन चढते व या पेशी वाढतात. गोळी अकस्मात थांबली की आम्लस्राव उसळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना ८ आठवडे अशी गोळी दिली होती. ती थांबविल्यावर ४४ टक्क्यांना आम्लजन्य त्रास झाला; नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते.

गॅस्ट्रिन म्हणजेच पाचकपित्त, असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र आम्हांस नको. अग्नीची संकल्पना त्याहून व्यापक आहे. उपयोगी आहे तो चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पादांशिक क्रम. सवयीचे अहितकर एकदम न सोडता अंशाअंशाने सोडावे, हा आपलाच सिद्धांत येथे आपण विसरतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : गोळी किती काळ व कशासाठी चालू आहे, हे प्रथम नोंदवावे. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून मात्रा क्रमाने उतरवावी आणि पथ्य व आपली औषधे सोबत चालवावीत. अ‍ॅस्पिरिन वा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांची, तसेच पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेल्यांची गोळी आपण होऊन थांबवू नये. काळा मल, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा वा अकारण वजनघट दिसल्यास विनाविलंब दुर्बीण तपासणीस धाडावे. रक्तदाबाच्या रुग्णास ज्येष्ठमध दीर्घकाळ देऊ नये. औषधालयचालक बंधूंनीही चिठ्ठीविना या गोळ्यांची पाकिटे देणे थांबवावे.

यात कमीपणा मुळीच नाही. रुग्णाचा विश्वास राखण्याचा हाच मार्ग आहे.