विश्लेषण : कंपनी बुडाली, की सोबती यंत्रमानवाचे काय होते?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील अनेक पालकांपुढे एक विचित्र प्रश्न उभा राहिला. घरातला टपोऱ्या डोळ्यांचा ‘मॉक्सी’ आता कधीही बोलायचा थांबेल, हे मुलाला सांगायचे कसे? पाच ते दहा वर्षांच्या मुलांशी गप्पा मारणारा, भावना ओळखायला आणि आवरायला शिकवणारा हा छोटा यंत्रमानव ७९९ डॉलरना विकला गेला होता. स्वमग्न मुलांच्या पालकांनीही तो घेतला होता. ‘एम्बॉडीड’ या उत्पादक कंपनीला अपेक्षित गुंतवणूक मिळाली नाही आणि तिने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मुलांची समजूत घालता यावी म्हणून कंपनीने एक पत्रही लिहून दिले! निरोप घेताना रडणाऱ्या मुलांच्या चित्रफिती तेव्हा समाजमाध्यमांवर फिरल्या.

यंत्र शाबूत, मग बंद का?

मॉक्सी घरात होता, पण त्याचे बोलणे तयार होत होते दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हरचे भाडे थकले, की यंत्र धडधाकट असूनही मुके. जपानमध्ये सोनीचा ‘आयबो’ हा यंत्रश्वान १९९९ मध्ये आला. त्याचे उत्पादन २००६ मध्ये थांबले, २०१४ मध्ये कंपनीची दुरुस्तीसेवाही. पण म्हणून आयबो एका दिवसात गेले नाहीत. काही जुन्या तंत्रज्ञांनी ते दुरुस्त करणे सुरू ठेवले. चिबा प्रांतातील एका मंदिरात निकामी आयबोंचे अंत्यसंस्कार होत आणि नंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंना बसवले जात. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. लळा खरा होता.

पण उपयोग होतो का?

होतो, मात्र जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. ‘पारो’ हे सीलच्या पिल्लासारखे जपानी यंत्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरतात. कुरवाळले की ते हलते, आवाज काढते. ताकानोरी शिबाता यांनी कुत्रा-मांजराऐवजी सील निवडला, कारण खऱ्या सीलशी कुणाचा फारसा परिचय नसतो, त्यामुळे तुलनाही होत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २८ वृद्धाश्रमांतल्या ४१५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोने रुग्ण अधिक खुलले. पण संशोधकांनी काही जणांच्या मांडीवर तोच पारो, आतली यंत्रणा बंद करून, दिला होता. चालू पारोशी रुग्ण अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. एरवी दोघांतला फरक फार मोठा नव्हता. म्हणजे मऊ, उबदार काहीतरी हाताशी असणे हेच बरेचसे काम करून जाते. आपल्याकडच्या जुन्या गोधडीलाही हे ठाऊक असावे.

मग मागणी काय हवी?

व्हीलचेअर बनवणारी कंपनी बुडाली म्हणून खुर्ची जागेवर अडत नाही. एकाकीपणावरचे साधन म्हणून विकलेल्या यंत्रालाही तोच नियम हवा. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठ नागरिक विभागाने २०२२ मध्ये ८०० हून अधिक वृद्धांना ‘एलीक्यू’ हे बोलके यंत्र देण्याची योजना जाहीर केली. सरकारी पैशातून अशी खरेदी होते तेव्हा तरी, कंपनी बंद पडल्यास सॉफ्टवेअर खुले करण्याची अट करारातच असली पाहिजे. हे अशक्य नाही. मॉक्सीच्या निर्मात्यांनीच नंतर तो घरच्या संगणकावरून चालवता यावा, अशी सोय खुली केली. पण ती ओरड झाल्यावर, आणि संगणकाशी झटापट करू शकणाऱ्या पालकांसाठी.

मुले परदेशी आणि आईवडील पुण्या-नाशिकला, अशा घरांत बोलके स्पीकर आधीच पोहोचले आहेत. पुढची भेट बोलक्या सोबत्याची असू शकते. खरेदीपूर्वी दुकानातच त्याचे वाय-फाय बंद करायला सांगा आणि मग ते काय काय करते, ते पाहा.